सारवलेली रिंक

पोरगी पडली तेव्हा मी तिच्या डाव्या पायाकडे बघत होतो. स्केटिंग बघताना पायच बघावा. तोल जातोय हे चेहऱ्यावर फार उशिरा दिसतं.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती त्या दिवसांतली गोष्ट. माथेरानच्या एका हॉटेलात मी स्केटिंग शिकवत होतो. बर्फ आम्ही सरबतातच पाहिलेला. आमची रिंक सिमेंटची, आणि बुटांखाली चार-चार चाकं. नुसतं पळणं कोणालाही जमतं. फिगर म्हणजे एका पायावर राहून जमिनीवर आकृती काढायची. नवशिक्याला मी आधी पडायला शिकवी, मग अंग कलवायला. कलाल तिकडे चाकं वळतात. एक गोल उजव्या पायावर, एक डाव्या, दोन्ही जोडले की इंग्रजी आठ होतो. एवढ्याला महिना लागतो.

मी अजून टेंपररी होतो. मॅनेजरसाहेब म्हणाले होते, "सीझन संपायच्या आत गेस्टांसमोर एका स्टुडंटकडून आठ काढून दाखव. मग तू पर्मनंट."

एका गेस्टची कॉलेजात जाणारी मुलगी महिनाभरात तयार झाली. आदल्या दिवशी मी सोनाबाईंना म्हणालो, "उद्या मोठा दिवस आहे. जमीन छान करून ठेवा." सोनाबाई रिंक झाडायच्या. दहिवलीकडच्या शेतकरी घरातल्या, नुकत्याच कामाला लागलेल्या.

दुपारी चारला पोचलो तर रिंकवर हिरवट थर. सगळी रिंक शेणानं सारवलेली!

"हे काय केलंत?"

"मोठा दिस हाय ना, मास्तर! घोड्याची लीद नाय वापरली हां. खालनं गाईचं शेण आनलंय, पाटी डोक्यावर घेऊन."

घाट चढून आणलं होतं बाईंनी. मी कपाळावर हात मारून घेतला.

चाकांखाली तो थर सुटणार हे मला कळत होतं. साहेबांना सांगून थांबवायचं, एवढंच काम. पण गेस्ट खुर्च्यांवर बसलेले, साहेबांनी सुरू कर म्हणून हात केला. वाळलंय, टिकेल, असं मी मनाला सांगितलं. खरं तर मला हाव सुटली होती.

पहिला गोल छान आला. दुसऱ्याला पापुद्रा उडाला आणि ती मनगटावर आपटली. हाड मोडलं.

साहेबांनी मला बाजूला घेतलं. "खोट शिकवण्यात होती की जमिनीत?"

"जमिनीत," मी म्हणालो. खोटं नव्हतंच ते. बाईंना काम कोणी सांगितलं, हे साहेबांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

सोनाबाईंना तिथल्या तिथे काढलं. गाठोडं घेऊन त्या माझ्याकडे आल्या.

"पोरीचा हात जुळंल ना, मास्तर?"

"जुळेल."

"तुमाला काय बोललं नाय ना सायेब?"

"नाही."

"मंग बरं झालं," म्हणाल्या आणि नेरळच्या वाटेनं उतरायला लागल्या. मला हाक मारता आली असती.

खोट जमिनीची ठरली, म्हणून मी पर्मनंट झालो. पुढे बऱ्याच वर्षांनी हाताखाली नवे मास्तर आले. त्यांना मी पहिल्या दिवशी सांगे, स्टुडंटला उतरवण्याआधी जमीन स्वतः बघा. त्या दिवशी मी बघितली होती, हे मात्र कोणाला सांगितलं नाही.