जात्याचा बाजा

जोतीरामचा डावा कान फौजेत राहिला. तो सिग्नलमध्ये, म्हणजे बिनतारी निरोपांच्या तुकडीत होता. पासष्टच्या लढाईत खंदकाजवळ गोळा फुटला आणि त्या बाजूचं सगळं जग मुकं झालं. घरी पाठवलं तेव्हा कराडजवळच्या त्याच्या गावात भावांनी उसाची शेती नीट सांभाळली होती, त्यात ह्याला करायला काही उरलं नव्हतं. मग बायकोच्या माहेरी, कवठे महांकाळला, एसटी स्टँडच्या मागं त्यानं एक खोली घेतली आणि दोन कर्णे, एक अँप्लिफायर आणि तबकडीचं मशीन मांडून लाउडस्पीकरचा धंदा सुरू केला. एका कानाचा माणूस आवाजावर पोट भरतो, म्हणून लोक आधी हसले. बायको लीलाबाई मात्र म्हणायची, "हसू द्या की. तुमचा एक कान बाकीच्यांच्या दोन कानांना भारी हाय." आणि घरात वाद निघाला की हा गडी हळूच डावी बाजू तिच्याकडं करून बसायचा, हेही ती सांगायची.

बहात्तरच्या दुष्काळात तलावाचं सरकारी काम निघालं. हजेरी पुकारायला आणि सूचना द्यायला तिथं जोतीरामचा कर्णा लागला. खडी फोडणाऱ्या बायकांत एक हरणाबाई होती. पन्नाशीची, काटक, कपाळभर गोंदण. तिच्या घरची मेंढरं चाऱ्यावाचून निम्मी मेली, निम्मी मिळेल त्याला विकली, आणि जन्मभर मेंढरामागं चाललेली बाई हातोडा घेऊन बसली होती. दुपारी बाभळीखाली भाकरी खाऊन झाली की ती जात्यावरच्या ओव्या गायची. जातं नव्हतं, पण आवाज जात्यासारखाच फिरायचा, जड आणि न थांबता.

जोतीरामकडं फौजेतल्या मित्राकडून आलेला, फितीच्या रिळांवर चालणारा स्पूलचा टेपरेकॉर्डर होता. एक दिवस त्यानं तो तिच्यापुढं ठेवला.

"आक्का, ह्यात तुमचा आवाज धरून ठिवू का?"

"ठेव की. आवाजाला काय गवत लागतंय?" हरणाबाई हसली आणि तिनं पाच ओळींची एक ओवी म्हटली. ऐकवावं म्हणून त्यानं फीत मागं फिरवली, तर सेल बसलेले. तिला तिचा आवाज ऐकवायचा राहिला. पुढं पाऊस झाला, काम संपलं, माणसं आपापल्या वस्तीला गेली.

चौऱ्याहत्तर साली उन्हाळ्यात जोतीराम दुकानात मशीन तपासत होता. अँप्लिफायरच्या एका बटणावर तबकडी होती, दुसऱ्यावर त्यानं टेप लावला. तबकडी लग्नातल्या बँडबाजाची, जलद फिरणारी. पण वेगाची दांडी चुकून हळू वेगावर राहिली होती. बाजा खाली उतरला, जाड झाला, हत्ती चालावा तसा चालू लागला. आणि त्याच वेळी टेपातून हरणाबाईची ओवी निघाली. दोन्ही आवाज आधी एकमेकांना ढकलत राहिले. जोतीरामनं तबकडीच्या कडेला बोट टेकवलं, जरा दाबलं, जरा सोडलं, आणि अचानक ओवी बाज्यावर जाऊन बसली. जणू बाज्याचा गोल म्हणजेच जातं.

आतून लीलाबाई पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. "कोण गातंय हे?"

"तलावावरची हरणाबाई."

लीलाबाई उंबऱ्यात बसली. गावात पिठाची गिरणी येऊन सात-आठ वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून तिनं ओवी म्हटली नव्हती. मग म्हणाली, "फिरून लावा." दुसऱ्या फेरीला तिनं मागून ओळ धरली.

पुढचे पंधरा दिवस जोतीराम त्या एकाच कामात होता. ब्लेडनं फीत कापायची, चिकटपट्टीनं जोडायची, ऐकायचं, पुन्हा कापायची. बाज्याचा फेरा चार ओळींचा होता आणि ओवी पाच ओळींची. शेवटी त्यानं पाचवी ओळ काढून टाकली, तेव्हा कुठं सगळं जमलं.

तासगावकडच्या एका लग्नात हळदीच्या वेळी त्यानं ते पहिल्यांदा लावलं. मांडवातल्या एका म्हातारीचा उजवा हात आपोआप गोल फिरायला लागला. नवरीच्या आईनं पदर डोळ्याला लावला. आणि दुसऱ्या दिवशी वरातीत पोरांनी तेच मागितलं. बाज्यावर त्यांचे पाय उचलले, ओवीवर बायकांनी ठेका धरला. एका गाण्यावर सगळा मांडव हलतो, हे जोतीरामनं कधी पाहिलं नव्हतं. लोकांनीच त्याला नाव दिलं, जात्याचा बाजा. वर्षभरात सांगलीच्या हळदपेठेतल्या व्यापाऱ्यांच्या घरूनही बोलावणी यायला लागली.

तसा विरोधही आला. भजनी मंडळाचे दादासो दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहिले. माणूस सरळ, आवाज मोठा.

"जोतीराम, तू मला पोरासारखा. म्हणून तोंडावर सांगतो. ओवी ही पीठ दळताना म्हणायची, सुखदुःखाची. तिला बाज्यावर नाचवतोस? उद्या आरतीवर शिट्ट्या मारशील."

"आवं दादासो, बायका ऐकून रडत्यात. त्यांना त्यांची आय आठवती."

"बायका रडत्यात आन् पोरं टोप्या उडवत्यात. दोन्ही एकाच गाण्यावर! हे बरं न्हवं."

दादासो म्हणत होते ते सगळंच खोटं नव्हतं, हे जोतीरामलाही कळत होतं. पण बायका मागत होत्या, पोरं मागत होती, आणि तो लावत होता.

हे सगळं हरणाबाईला कळलं ते बाजारातून. तिचा मुलगा अर्जुना दुष्काळानंतर पुन्हा घेतलेल्या मेंढरांची लोकर घेऊन गेला होता, तिथं कुणीतरी त्याला हसत विचारलं, "काय रं, तुझी आय म्हणं आता वरातीत गाती?" अर्जुना घरी आला तो काठी घेऊन निघायच्या तयारीनंच. दोघा चुलतभावांनाही त्यानं हाक मारली होती. हरणाबाईनं त्याच्या हातातली काठी काढून घेतली.

"गाणं माझं हाय. इचारायचं ते मी इचारीन."

आणि ती एकटी, पहाटेची निघून, चालत कवठे महांकाळला आली. दुपारी दुकानाच्या दारात घोंगडं खांद्यावर घेतलेली ती बाई दिसली आणि जोतीराम उठून उभा राहिला. दोन वर्षं ज्या आवाजावर तो गावोगाव फिरला, त्या बाईला त्यानं एका शब्दानं विचारलं नव्हतं.

"आक्का, या. बसा."

"बसायला न्हाई आले. लाव ते."

त्यानं लावलं. बोट तबकडीच्या कडेवर बरोबर टेकलं. हरणाबाई उभी राहून ऐकत होती. पहिल्या दोन ओळींना तिनं मान वर केली, स्वतःचा आवाज तिला ओळखू येत नव्हता. मग ओळखला. चेहऱ्यावर हसूही आलं. चौथी ओळ संपली, बाजा फिरून पहिल्या ओळीवर आला, आणि तिचं हसू गेलं.

"थांबीव."

त्यानं थांबवलं.

"शेवटची कुठं हाय?"

"कसली, आक्का?"

हरणाबाईनं तिथंच, बाज्याशिवाय, चौथी आणि पाचवी ओळ म्हटली:

मेंढरांच्या मागं मागं, गेली पावलं उन्हात
माझ्या चंद्राबाईचं नाव, ऱ्हाईलं माझ्या कानात

"चंद्राबाई माझी आय. मेंढरं कोकणात उतरताना घाटात मेली. आमी तिला तिथंच ठिवून फुडं गेलो. दगड न्हाई, समाधी न्हाई. ही येक ओळ तेवढी हाय. सगळ्या मुलखाला माझी ओवी ऐकीवलीस, आन् माझ्या आयचं नाव कापलंस?"

जोतीराम खाली बसला. कापलेली फीत त्यानं कधीच झाडून टाकली होती. बाज्याचा फेरा, चार ओळी, हे सांगायला त्याचं तोंड उघडलं, पण ते कारण त्याला स्वतःलाच हलकं वाटलं. त्यानं वाकून तिच्या पायाला हात लावला.

"चुकलं, आक्का. हे आजपास्नं बंद. कुठं वाजायचं न्हाई."

तोवर लीलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. ती म्हणाली, "आक्का, त्यांनी कापलं ते वंगाळच केलं. पण तुमच्यामुळं मी आठ वर्सांनी ओवी म्हटली. माझी आयबी मला परत भेटली."

हरणाबाईनं पाणी घेतलं. मग ती बसली. किती तरी वेळ दोघी बायका आपापल्या आईचं बोलत राहिल्या, आणि जोतीराम बाजूला उजवा कान देऊन ऐकत राहिला. उठताना हरणाबाई म्हणाली, "बंद कशापायी करतोस? वस्तीवर ये मशीन घेऊन. पर दुकानात न्हाई गायची मी. जात्यावर गाईन. आन् नाव कापायचं न्हाई."

"न्हाई कापणार."

"आन् जिथं लावशील तिथं सांगायचं, ही कुणाची ओवी. आन् पिऊन नाचत्यात तिथं लावायची न्हाई."

पुढच्या आठवड्यात तो बॅटरी, टेपरेकॉर्डर आणि बाज्याच्या तबकडीचं मशीन घेऊन वस्तीवर गेला. या वेळी सेल नवे होते. हरणाबाईनं कोपऱ्यातलं जातं पुढं ओढलं, सून समोर बसली, शेजारच्या बायका जमल्या. अर्जुना आधी दारात हाताची घडी घालून उभा होता. आईनं चंद्राबाईची ओळ म्हटली, तेव्हा तो आत गेला आणि ढोल घेऊन आला. पाच ओळींना बाज्याचा चार ओळींचा फेरा जिथं कमी पडत होता, तिथं त्यानं ढोलाचे ठोके भरले. जोतीराम पंधरा दिवस ब्लेड घेऊन जे शोधत होता, ते ह्या माणसानं एका दुपारी हातांनी दिलं. आणि बायका थांबेनात. फिती संपल्या, तरी गाणं चालू राहिलं.

तो नवा जात्याचा बाजा पहिल्यांदा वाजला तो अर्जुनाच्या थोरल्या लेकीच्या, अंजनाच्या लग्नात. लावण्याआधी जोतीरामनं कर्ण्यावरून सांगितलं, ही ओवी हरणाबाईची, चंद्राबाईच्या लेकीची. मांडवात हरणाबाई ताठ बसली होती. दादासोंना मात्र हे शेवटपर्यंत पटलं नाही. नातवाच्या लग्नात त्यांनी साधी सनई लावली, आणि जोतीरामनं ती आनंदानं जाऊन ऐकली. वरातवाल्यांना नकार द्यायला लागल्यावर धंदा थोडा घटला, पण हळदीची आमंत्रणं वाढली.

त्या सालापासून दर दिवाळीला जोतीराम भाऊबीजेला वस्तीवर जाऊ लागला. हरणाबाईला पाठचा भाऊ नव्हता. ती त्याला ओवाळायची, तो साडी द्यायचा. "आक्कानं काठ्या घेतलेली माणसं धाडली असती," तो लीलाबाईला म्हणायचा, "तर माझं मशीनबी गेलं असतं आन् मीबी गेलो असतो. ती सवता चालत आली. तिचं देणं मी कसं फेडू?"

"फेडू नका," लीलाबाई म्हणायची. "जात ऱ्हावा."

एकोणऐंशीच्या भाऊबीजेला हरणाबाईचे दात गेले होते, दमही कमी झाला होता. ओवाळून झाल्यावर ती म्हणाली, "लाव की रं." जोतीरामनं टेप लावला. बाजा नाही, ढोल नाही, नुसती तिचीच ओवी. टेपातली हरणाबाई जोरात आणि स्वच्छ गात होती. समोरची हरणाबाई एक ओळ ऐकायची आणि मागून तुटक्या आवाजात तीच ओळ धरायची, जरा उशिरा, जरा खाली. जोतीराम उजवा कान पुढं करून दोन्ही आवाज ऐकत बसला. आवाज धरायचं दुसरं मशीन पिशवीत होतं, ते त्यानं काढलं नाही. शेवटच्या ओळीला दोन्ही आवाज एका वेळी आले. हरणाबाई हसली आणि म्हणाली, "आता जेवून जा. पुरणपोळी केलीया."

तो दोन पोळ्या जास्त जेवला.