गालातला पांढरा चट्टा

लग्न होऊन कोरेगावात आले तेव्हा थोरल्या जाऊबाईंनी मला मिश्री लावायला शिकवली. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि बोटानं हिरड्यांना घासायची. आम्हा दोघींचे नवरे फौजेत. मळ्यातून आलो की मिश्री लावत बसायचं, एवढीच करमणूक.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर जाऊबाई अचानक वेगळं ताट घेऊन जेवायला लागल्या. माझ्यावर रागावल्या असाव्यात असं वाटलं. शेवटी विचारलंच. त्यांनी गाल ओढून दाखवला. आत पांढरा चट्टा, मधोमध लाल.

"दुखत न्हाई गं. पर तुला लागंल म्हणून येगळं जेवते."

चार दिवस मागं लागले तेव्हा कुठं त्या मिरजेच्या गाडीत बसल्या. डॉक्टरांनी चट्ट्याचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला आणि आठ दिवसांनी बोलावलं. ते आठ दिवस आम्ही मिश्रीला शिवलो नाही. डोकं ठणकायचं, चिडचिड व्हायची. जाऊबाई विहिरीवर गेल्या की मी आरशात माझाच गाल पाहायची.

तुकड्यात कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी सावकाश समजावलं. तोंडातली कातडी रोज झिजते, नवी येते. वर्षानुवर्षं एकाच जागी तंबाखू लागली, की नव्या पेशी घडताना चुका होत जातात. मग एखादी पेशी वाढायचं थांबतच नाही. तिच्यापासून तशाच आणखी होतात आणि आत शिरतात. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो.

जाऊबाईंनी एवढंच विचारलं, "हिला माझं लागलं न्हाई न्हवं?"

हा रोग लागत नाही, असं सांगून डॉक्टर माझ्याकडं वळले. "तुम्हीही मिश्री लावता?"

मी तोंड उघडलं. त्यांनी बराच वेळ बॅटरी धरली. माझ्याही गालात पांढरं होतं. हा अजून कॅन्सर नाही, मिश्री सोडलीत तर जाईलही, असं ते म्हणाले. स्वतःचा कॅन्सर ऐकून न रडलेल्या जाऊबाई तेव्हा रडायला लागल्या.

ऑपरेशनमध्ये त्यांचा गाल आणि जबड्याचा तुकडा गेला. मी मिश्री सोडली ती सोडलीच; माझा चट्टा दोन वर्षांत विरला. जाऊबाई पुढं बरीच वर्षं जगल्या, पण तोंडावर पदर धरून. बोलणं अडखळायचं, परक्यांना कळायचं नाही. गावातली एखादी नवी नवरी मिश्री लावताना दिसली, की तिच्यासमोर बसून पदर खाली घ्यायच्या.