नाकआत्याची मोहरी

माझ्या आत्याचं नाक लहान आणि बसकं होतं, पण आमच्या गल्लीत त्याच्याइतका मान दुसऱ्या कुणाच्या नाकाला नव्हता. तिचं जडीबुटीचं दुकान होतं. लांबट, अंधारी खोली, भिंतभर लाकडी खण आणि एकाही खणावर चिठ्ठी नाही. खण ओढायचा, नाक आत घालायचं आणि सांगून टाकायचं, हा माल यंदाचा, हा गेल्या सालचा. लोक तिला नाकआत्या म्हणत, आणि तिलाही ते आवडायचं.

दुकानात शंभर वस्तू, पण तिचा जीव मोहरीत. समोर बसलेला माणूस विचारो न विचारो, ती मोहरीची कुळकथा सुरू करायची. माणसं हजारो वर्षांपासून मोहरी पेरतात. जुन्या वैद्यांनी विंचवाच्या दंशावर तिचा लेप सांगितलाय. काकडलेले पाय मोहरीच्या कोमट पाण्यात बुडवून बसायची रीत कितीतरी मुलखांत होती. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी तर मोहरी लावलेले तयार कागद औषधांच्या दुकानात मिळायचे, ओले करायचे आणि छातीवर चिकटवायचे.

"विंचवावर खरंच गुण येतो?" मी एकदा विचारलं.

"ते विंचू चावलेल्याला विचार. लिहून कुणी काय ठेवलंय ते मी सांगते. मी स्वतः गुडघे आणि पाठी बघते, त्याच्यापुढे जात नाही."

तिचा लेप करायची पद्धत ठरलेली होती. मोहरी कोरडी कुटायची, कोमट पाण्यात कालवायची. कडकडीत पाणी घातलं की मोहरी मरते, असं ती म्हणायची. मग फेसून दहा मिनिटं झाकून ठेवायची. झाकण काढल्यावर वास घ्यायचा, आणि झणका जसा नाकात जाईल तसं त्यात पीठ घालायचं. झणका जास्त तर पीठ जास्त. शेवटी दोन फडक्यांच्या मध्ये पसरून पाव तास दुखऱ्या जागेवर ठेवायचा. किती पीठ, हे तिने कधी मोजलं नाही. नाक होतं ना.

गेल्या थंडीत तिला मोठा ताप आला. आठ दिवसांनी ती उठली ती चिडूनच. मोहरी मेलेली निघाली म्हणे, झणकाच नाही. घाऊकवाल्याला तिने दारात उभं करून फैलावर घेतलं. त्याने दुसरं पोतं दिलं, तेही मेलेलं. तिसरंही. तो बिचारा कानाला खडा लावून गेला.

माझे बाबा तिचे धाकटे भाऊ. दर रविवारी सकाळी ते डाव्या गुडघ्याला लेप लावून घ्यायला तिच्याकडे जात. अशाच एका रविवारी ते परत आले आणि मोरीत गुडघ्यावर गार पाणी ओतत बसले. मी सहज डोकावले, तर गुडघाभर फोड. काही जुने, खपली धरलेले, आणि भोवती लालबुंद कातडं.

"हे काय?"

"काही नाही. आज जरा जास्त लागला."

"आज? हे तर महिन्याभराचं दिसतंय."

बाबांनी पायजमा खाली ओढला. "तिला बोलू नकोस. तिचं नाक गेलंय. तापातच गेलं. मागे शेगडीवर दूध करपून धूर झाला, ती शेजारी बसून बडीशेप निवडत होती."

"तिला माहीत नाही?"

"तिला वाटतं माल वाईट आहे. वाटू दे. आई गेल्यावर तिने मला वाढवलं. गुडघ्याचं कातडं काय, पुन्हा येतं. गल्ली तिला काय म्हणून हाक मारते, ठाऊक आहे ना? मग तिच्यापाशी उरेल काय?"

मला बाबांचा भयंकर राग आला. सोसण्याचंही काही माणसांना व्यसन असतं. मी मलम शोधत होते, तेवढ्यात ते पुटपुटले, "मी निघालो तेव्हा शिंपीणबाई आल्या होत्या, नातीला घेऊन. पोरीच्या छातीत कफ झालाय."

मलम तिथेच राहिलं. चपला उलट्या की सुलट्या हे न बघता मी धावत सुटले.

दुकानाच्या उंबऱ्यातच माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तीन वर्षांची पोर उघड्या अंगाने स्टुलावर पाय हलवत बसली होती. शिंपीणबाई पदराने डोळे पुसत होत्या, आणि आत्या त्यांना समजावत होती, "रडू नका हो, कफ आहे नुसता." हातातल्या फडक्यावर पिवळाधमक लगदा होता. पिठाचा डबा उघडलाही नव्हता.

"आत्या, थांब."

"थांब काय? आधीच मोहरीत दम नाही, दुप्पट घातलीय."

"मोहरीत दम आहे. त्या रडत नाहीयेत, त्यांना झोंबतंय. तुझं नाक गेलंय, आत्या. बाबांच्या गुडघ्यावर महिनाभर फोड येतायत."

परक्या माणसासमोर बोलले, जराही न गुंडाळता. आजही त्याची लाज वाटते, पण दुसरं सुचलं नाही.

आत्याने फडकं खाली ठेवलं. बोटभर लगदा स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावला आणि बघत बसली. कातडं आधी गुलाबी झालं, मग लाल. ती पुसेना, तेव्हा मीच ओल्या कापडाने पुसलं.

"पोरीला आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्या," ती शिंपीणबाईंना म्हणाली. "मी तिला भाजणार होते."

त्या गेल्यावर तिने विचारलं, "तो काहीच बोलला नाही?"

"नाही."

"लहानपणीही तसाच. हूं नाही की चूं नाही." आणि मग ती रडली.

चार दिवस दुकान बंद होतं. पाचव्या दिवशी मी सगळ्या खणांवर चिठ्ठ्या लावल्या. आत्याने भिंतीवर घड्याळ टांगलं आणि एक चमचा मोहरीला चार चमचे असं पीठ मोजायला लागली. कुठलाही लेप आधी तिच्या मनगटावर लागायचा. येईल त्याला ती आधी सांगायची, माझं नाक गेलंय, पटत असेल तर बसा. बरेच जण बसले नाहीत. हाक मात्र नाकआत्या अशीच राहिली.

रविवारी बाबा आले आणि स्टुलावर बसले.

"घरी जा," ती मागे न वळता म्हणाली. "तुला मी लावणार नाही."

बाबांनी पायजमा उजव्या गुडघ्याच्या वर ओढला. "हाही दुखतो. आणि कोरा आहे अजून."

तिने वळून तो गुडघा चाचपून पाहिला. मग लेप केला, चार चमच्यांवर पिठाचा पाचवा घातला, मनगटावर लावून पाहिला आणि फडकं ठेवून घड्याळाखाली उभी राहिली. पाच मिनिटं झाली असतील.

"ताई," बाबा म्हणाले, "झोंबतंय."

तिने लगेच फडकं उचललं. कातडं फक्त गुलाबी झालं होतं. मला पक्कं माहीत आहे, बाबांना तेवढं सहज सोसलं असतं.