नातीचा हेडसेट

"डाव्या कानाचं ऐकणं खाली आलंय. ह्याच्यावर मी सही करणार नाही," डॉक्टर म्हणाले. मला नाही, काचेपलीकडे त्यांच्या मदतनीस बाईला म्हणाले. मला ऐकू आलं नाही. मला तसंही बोललेलं ऐकू येत नाही. मी त्यांचे ओठ वाचले. चौदा वर्षं मी गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात काढली. त्या यंत्रांच्या आवाजात कोणाचं कोणाला ऐकू जात नसे, म्हणून आम्ही बायका ओठांवरून बोलायचो. भांडणंसुद्धा तशीच करायचो.

माझी नात तेव्हा बाजूच्या बंद खोलीत कानांवर यंत्र लावून बटण दाबत बसली होती. तिला अजून काही माहीत नव्हतं. ती पायलट आहे. पंख्याचं विमान चालवते, सत्तर माणसांचं, कॅप्टनच्या शेजारच्या खुर्चीत बसून. ठरावीक काळाने तिची तपासणी होते. डॉक्टरने सही केली नाही तर तिला विमानात आपल्यासारखं मागे तिकीट काढून बसावं लागेल. एवढ्या वर्षांचं शिक्षण त्या सहीवर अवलंबून होतं.

ती बाहेर आल्यावर डॉक्टरांनी तिला सांगितलं. मग विचारलं, "उडताना कानात काही घालता का?"

"कापूस," नात म्हणाली. "हेडसेटच्या आत. आजीने सांगितलंय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

गिरणीत आम्ही सगळ्या कानात कापूस घालायचो, तेलाचं बोट लावून. कापूस काय, खात्यात उडतच असायचा. नातीचा हेडसेट तिच्या शिकण्याच्या दिवसांतला, जड, कानावरच्या गाद्या फाटलेल्या. घरी आली की म्हणायची, डोकं ठणकतं, कानात शिट्टी वाजते. मी म्हटलं, कापूस घाल. नुसतं म्हटलं नाही, माझ्या हाताने बोळे वळून डबीत भरून दिले. तिने चार महिने इमानदारीने घातले.

डॉक्टर मला समजावू लागले, तेही ओरडून.

"ओरडू नका, ओठ दिसतात मला," मी म्हटलं.

मग ते नीट बोलले. कापसाने इंजिनाची जाडी घरघर अडत नाही, माणसाचं बोलणं अडतं. मग खालून टॉवरवाला काय सांगतो ते कळावं म्हणून पोरगी हेडसेटचा आवाज वाढवत जाते. घरघर आत येतेच, वर हा वाढवलेला आवाज. कानाला दोन्हीकडून मार.

त्यांनी तीन आठवडे दिले. उडायचं नाही, गोंगाटात जायचं नाही. कान दमलेला असेल तर वर येईल, मेला असेल तर नाही येणार. आणि तो हेडसेट फेकून द्या, म्हणाले. हलका आणि घरघर मारणारा घ्या.

रिक्षात नात म्हणाली, "आजी, आता तू रडू नको हं."

"मी कशाला रडू? नोकरी तुझी आहे. तू रड."

ती हसली. मग थोडं रडलीही. तोंड बाहेर करून रडली, म्हणजे मला दिसू नये. घाटकोपरला उतरेपर्यंत डोळे पुसून झाले होते.

घरी सुनेने सगळं ऐकून घेतलं. तिने पदर खोचला आणि मला विचारलं, "आई, तुम्ही दिलात तिला कापूस?"

"दिला."

"त्याच कापसाने तुमचे कान वाचले काय?"

एवढ्या वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. रोज कापूस घालूनही मी बहिरी झाले होते. मी म्हटलं, "चूक माझी आहे. हेडसेट आणायला मी जाणार." सून म्हणाली, "तुम्हाला ऐकू येत नाही, तुम्ही काय निवडणार?" मी म्हटलं, "म्हणूनच."

दुकान अंधेरी पूर्वेला, एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर. विमानवाल्यांचंच सामान. दुकानदार पन्नाशीचा, बोलका. त्याने आधी एक नाजूक हेडसेट काढला, चष्म्याएवढा, कानावर नुसता टेकणारा.

"मोठी जेट चालवणारे सगळे हाच घेतात. डोक्यावर काय आहे हे कळतच नाही. एकदम झकास."

"पंख्याच्या विमानात चालतो?" मी विचारलं.

त्याने नातीकडे पाहिलं. ती म्हणाली, "आमच्याकडे आवाज जास्त असतो ना."

"मग बघावं लागेल," तो म्हणाला.

दुसरा पूर्ण कान झाकणारा, मजबूत. मी डोक्यावर घालून पाहिला. पाण्याचा हंडा घेतल्यासारखी मान आत गेली. "हे घालून दिवसाला चार चार वेळा चढायचं-उतरायचं? ठेव आत."

तिसरा कान झाकणारा, पण हलका. याच्यात छोटा माइक असतो, तो बाहेरची घरघर टिपतो, आणि यंत्र बरोबर तिच्या उलटी घरघर कानात सोडतं. दोघी एकमेकींना खातात. मी म्हटलं, काहीही सांगू नको. नातीला मी हातांनी कान झाकायला लावले आणि त्याने मोठ्या स्पीकरवर विमानाच्या पंख्यांचा आवाज लावला. मला बोलणं कळत नसलं तरी असला जाडा आवाज अजून कळतो. हेडसेट माझ्या डोक्यावर घालून त्याने बटण दाबलं. पाळी संपल्यावर खात्यातली यंत्रं थांबायची, तसं झालं. मी कान चाचपून पाहिले.

पण मला आवडून काय उपयोग? मी दुकानदाराला सांगितलं, स्पीकर चालू ठेव पण बेताचा, पोरीचा कान दमलाय; हेडसेटचा आवाज बारीक कर आणि माइकवर आकडे सांग. वीस आकडे, हळू आवाजात. नात लिहील. मी चौथी शिकलेय, आकडे जुळवता येतात मला.

नाजूक हेडसेटवर वीसपैकी पाच चुकले. हलक्यावर एकही नाही. मग मी तिला म्हटलं, "उन्हाचा गॉगल घाल." ती विमानात घालतेच. त्याच्या जाड्या काड्यांनी कानावरची गादी उचलली गेली, फट पडली, आणि दोन आकडे चुकले. दुकानदाराने स्वतःचा बारीक काडीचा गॉगल दिला. परत सगळे बरोबर.

"सेल संपला तर?" मी विचारलं.

"घरघर परत येते, आजी. बोलणं चालू राहतं."

"सेल काढून दाखव."

त्याने काढून दाखवला. मग तो हलका हेडसेट नातीच्या डोक्यावर घालून मी तिला तिथेच स्टुलावर तासभर बसवलं. कानशिलं दुखली तर तासात कळतं. दुकानदार घामाघूम. म्हणाला, "आजी, तुम्ही पण विमान उडवता काय?"

"नाही. मी बिघडवते."

तासाने तिच्या डोक्यावर वळ नव्हता. तोच घेतला.

मग घरी तीन आठवडे शांतता. समोरची इमारत पाडत होते, म्हणून खिडक्या बंद. मिक्सर बंद. सून वाटण शेजारणीकडे जाऊन करून आणायची आणि आणताना टोमणा मारायची, "घ्या, मुक्यांच्या घरचं जेवण." डोक्यावरून विमानं उतरायला जात, नात मान वर करून कुठलं ते सांगायची. मी तिला ओठ वाचायला शिकवलं. तिला पटकन जमलं. सुनेच्या समोर बसून आम्ही तिच्याच गोष्टी करायचो, आवाज न काढता. आमटी खारट झाली म्हणायचं तरी आम्ही तसंच म्हणायचो.

एकदा सून आमच्या ओठांकडे बघत म्हणाली, "खारट आहे तर ताक घ्या."

आम्ही दोघी गप्प. म्हणजे होतोच गप्प, ओठही मिटले.

खरं सांगते, मला ते दिवस आवडले. पोरीची नोकरी टांगलेली होती आणि मी मजेत होते. तिच्या कामामुळे ती इतके दिवस घरात सापडतच नव्हती.

दुसऱ्या तपासणीला डॉक्टर काचेकडे पाठ करून बसले. मला काही कळेना. नात बाहेर आली, ते मागून आले आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "कान वर आलाय. थोडी खोट राहिलीय. ती बहुतेक राहणारच. पण चालेल." मग टेबलाशी उभं राहूनच सही केली. नातीने कागद दोनदा वाचला आणि कंपनीला कळवायला जिन्यात गेली.

आता ती पुन्हा उडते, तोच हेडसेट घालून, कान मोकळे ठेवून. तिच्या डाव्या कानात खोट आहे. माझे दोन्ही कान गेलेले आहेत. सुनेला सगळं ऐकू येतं. त्या तीन आठवड्यांत घरात आम्ही तिघी एकत्र होतो, आणि आता ती उडायला गेली तरी तिघीच आहोत.