डाव्या खांद्याची रायफल

बंदूकघर सांभाळणाऱ्या प्रोकोपीला जगात एकाच गोष्टीचं अप्रूप होतं, आणि ती म्हणजे नेम. स्वतःला तो कधीच साधला नाही. सोळाव्या वर्षी नदीचा बर्फ पायाखाली फुटला, उजव्या पायाची पाचही बोटं गेली, आणि सैबेरियातल्या एवेंकी या शिकारी जमातीत जन्मलेला हा गडी जंगलात खारींमागे फिरायचं सोडून तीस वर्षं दुसऱ्यांच्या बंदुका पुसत बसला. पण पुसता पुसता असा मुरला, की गावातल्या कुठल्या रायफलीच्या टोकावरची नेम धरायची माशी केसभर कलली आहे आणि कुणाचा चाप जड आहे, हे त्याला बायकोच्या स्वभावापेक्षा जास्त ठाऊक असे. असं त्याची बायकोच सांगत फिरायची.

त्या शरदात शिकारी मंडळावर गेन्नादी नावाचा नवा साहेब आला. वय सत्तावीस, गाल गुळगुळीत. त्याच्याबरोबर नव्या, पाच गोळ्यांची पेटी असलेल्या रायफली आल्या, आणि एक हुकूम आला: जुन्या एकबारी रायफली लोहाराकडे नेऊन कापायच्या, आणि साठीपुढच्या कुणालाही यापुढे बंदूक मिळायची नाही. त्यांनी घरात बसून पेन्शन खावी.

हुकूम भिंतीवर लावल्याच्या दुसऱ्याच दिवशी, सकाळी सकाळी, ओग्दोकाकी दारात उभी राहिली. वय एकाहत्तर. अंगानं मूठभर, तोंडात विझलेला पाइप, मागे चिल्का नावाची कुत्री. तिची स्वतःची रायफल वसंतात ओझ्याच्या रेनडिअरसकट नदीत गेली होती.

"प्रोकोपी, बंदूक दे," ती म्हणाली. दूध मागावं तशी.

"काकी, हुकूम वाचलास का?"

"मला वाचता येतं का, मेल्या?"

प्रोकोपीने हुकूम वाचून दाखवला. काकीने शांतपणे ऐकला, पाइप काढला, आणि म्हणाली, "लेकीच्या घरी चार दिवस राहिले मागच्या महिन्यात. स्टोव्हजवळ बसवलं मला. पाचव्या दिवशी मला स्टोव्हचा आणि माझा फरकच कळेना. या हिवाळ्यात जंगलात गेले नाही ना, तर तू वसंतात माझी पेटीच ठोक."

ती हे रडत म्हणाली नाही की धमकी म्हणूनही नाही. नुसतं हवामान सांगितल्यासारखं सांगितलं. म्हणूनच प्रोकोपीने हातातलं फडकं खाली ठेवलं. तो लंगडत लंगडत साहेबाकडे गेला आणि आयुष्यात कधी नव्हे इतकं बोलला. गेन्नादी काही वाईट माणूस नव्हता, पण कागदावर चालणारा होता. शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे. उद्या कापायच्या आहेत त्यांतली एक निवडू दे त्यांना. तीन काडतुसं द्या. दुपारी मी समोर उभा राहीन. नेम लागला तर बघू. म्हाताऱ्या बाईला नजर नसताना जंगलात सोडलं आणि काही झालं, तर जबाबदार मी."

नजर नसताना. हे दोन शब्द घेऊनच प्रोकोपी परत आला.

जुन्या अठरा रायफली भिंतीला ओळीने टेकलेल्या होत्या. काडतुसाच्या कडेवर टोला बसून पेटणाऱ्या, बारीक नळीच्या, एका वेळी एकच गोळी घेणाऱ्या. काकीने आधी सगळ्या बाहेर ओसरीवर, थंडीत ठेवायला लावल्या आणि आत येऊन चहा मागितला. एक पेला झाला, दुसरा झाला, तिसऱ्यात तिने लोणी घातलं.

"निवडायची आहे ना?" प्रोकोपी न राहवून म्हणाला.

"निवडतेच आहे. ऊबेत सगळ्याच बंदुका शहाण्या असतात."

तासाभराने ती बाहेर गेली. एकेकीचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलायचा दांडा, मागेपुढे करत गेली. ज्यांच्या पोटात तेल थिजलं होतं त्यांचा आवाज ओल्या बुटासारखा येई. त्या तिने हाताने बाजूला सारल्या. सात उरल्या. मग तिने करंगळीचं नख नळीच्या मागच्या तोंडात घालून कडेवरून गोल फिरवलं. काडतूस न घालता चाप ओढत बसलं की आतला टोल्या त्या कडेवर आपटतो आणि तिथे खोच पडते.

"ही कुणा गाढवाची?"

"निकिफोरची."

"वाटलंच. उगाच टकटक करायची खोड त्याला. बाजूला ठेव ती."

प्रोकोपी बघत राहिला. त्याच सातही रायफली त्याने भिंग लावून तपासल्या होत्या, आणि ज्या चारांच्या कडा ठेचलेल्या म्हणून त्याने वहीत खूण केली होती, नेमक्या त्याच चार म्हातारीने नखाने बाद केल्या. तीस वर्षांत त्याला असं गुरूसमोर बसल्यासारखं कधी वाटलं नव्हतं.

उरलेल्या तीन तिने आकाशाकडे धरल्या. मागच्या तोंडाशी अंगठ्याचं नख धरून त्यावर उजेड घेतला आणि नळीतून पाहिलं. तेव्हा प्रोकोपीच्या लक्षात आलं, की ती डाव्या डोळ्याने बघते आहे.

मग तिने पहिली रायफल खांद्याला लावली. डाव्या खांद्याला. आणि तोंड वाकडं केलं. दुसरी लावली, तिसरी लावली, तोंड वाकडंच. जुन्या रायफलींचे दस्ते ज्याने त्याने आपल्या गालाला बसतील असे चाकूने तासलेले असतात, आणि गावातले सगळे गाल उजवे होते.

प्रोकोपीला उन्हाळा आठवला. ओग्दोकाकी नदीकाठी वल्हं डाव्या खांद्याला लावून कावळ्यांवर नेम धरत बसायची. बायका हसायच्या, म्हातारी चळली म्हणायच्या. हसण्यात तोही होता. आता त्याने तिच्या उजव्या डोळ्याकडे नीट पाहिलं. बुबुळावर पातळ सायीसारखा पडदा होता.

त्याला सगळं कळलं. साठ वर्षं उजव्या डोळ्याने जगलेली ही बाई. डोळा गेल्यावर रडली नाही, कुणाला बोलली नाही. एका उन्हाळ्यात वल्ह्यावर दुसरा डोळा शिकवला. आणि आपण हसलो.

काकीने त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"ती कोपऱ्यातली का नाही काढलीस?" तिने विचारलं.

कोपऱ्यात, चामड्यात गुंडाळलेली एकोणिसावी रायफल होती. साव्हेलीची. काकीचा नवरा सहा वर्षांपूर्वी गेला. माणूस गेला की त्याची किटली भोक पाडून, बर्फावर घसरायच्या फळ्या मोडून, पाइप फोडून थडग्यापाशी ठेवायचा, ही रीत. मेलेल्यांच्या तिकडे सगळं उलट असतं. इथे मोडलेलं तिथे धडधाकट होऊन हाताशी येतं. साव्हेलीचं सगळं मोडून दिलं होतं, पण रायफल सरकारी. तिच्यावर नंबर. ती बंदूकघरात परत जमा करावी लागली, आणि मेलेल्या माणसाची म्हणून तिला पुन्हा कुणी हात लावला नाही. साव्हेली गावातला एकटा डावखुरा होता.

"काकी, ती..."

"चाळीस वर्षं त्याच्याशेजारी झोपले. आता त्याच्या बंदुकीला भिऊ होय? आण."

ती अर्धा तास थंडीत ठेवली. बोल्ट सुकी काटकी मोडावी तसा वाजला. नखाने कड फिरवली, कड गुळगुळीत. मग तिने ती डाव्या खांद्याला लावली आणि गाल दस्त्यावर टेकवला. चाकूने तासलेल्या त्या खळग्यात तिचा गाल असा बसला, की प्रोकोपीने नजर दुसरीकडे वळवली.

"डोकं मोठं होतं मेल्याचं," काकी पुटपुटली. "पण चालेल."

दुपारी गेन्नादीने कुंपणावर आगपेट्या मांडल्या. काकीने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आगपेटी मारून खायचं काय, पोरा?"

तेवढ्यात लोहारशाळेमागून चिल्का भुंकली. एकाच सुरात, थांबून थांबून. खार वर आहे असं सांगणारं ते भुंकणं. काकी तिकडे चालू लागली, मागून प्रोकोपी, त्याच्यामागून बर्फात धडपडत साहेब.

उंच लार्चचं झाड होतं. वर काही दिसत नव्हतं. काकीने खूण केली तशी प्रोकोपीने कुऱ्हाडीच्या पाठीने खोडावर एक ठोका दिला. शेंड्याजवळ, खोडाच्या आडून, करड्या डोक्याचा अर्धा भाग बाहेर आला. बोराएवढा. गेन्नादीला तो दिसलाच नाही, तो "कुठे? कुठे?" करत मान ताणत राहिला.

काकीने श्वास रोखला. नाकापुढची वाफ विरली. तिचा हात झाडाच्या फांदीसारखा स्थिर होता. चिल्काही गप्प झाली. प्रोकोपीला वाटलं, सबंध जंगल या एका म्हातारीच्या बोटाकडे बघतं आहे.

आवाज अगदी लहान झाला. खार फांदीवरून फांदीवर आपटत खाली आली आणि बर्फात पडली.

साहेबाने ती उचलून उलटीपालटी केली. गोळी एका डोळ्यातून शिरून दुसऱ्यातून गेली होती. कातड्यावर सुईएवढंही भोक नव्हतं. गेन्नादीचं तोंड उघडं राहिलं. प्रोकोपीच्या अंगावर काटा उभा होता आणि तो लपवायचं त्याला भानही नव्हतं.

"या डावखुऱ्या आहेत का?" साहेबाने अचानक विचारलं.

प्रोकोपीने कुऱ्हाड दुसऱ्या हातात घेतली. खरं बोलावं तर काकी स्टोव्हपाशी. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"नवरा डावखुरा होता, साहेब," तो सावकाश म्हणाला. "चाळीस वर्षांच्या संसारात कुणाचं वळण कुणाला लागेल, सांगता येतं का?"

गेन्नादी हसला. अजून लग्न व्हायचं होतं त्याचं. काकीने खार त्याच्याच हातात परत कोंबली.

"ठेव. तुला."

"नाही, नाही. मी कुणाकडून काही घेत नाही," साहेब लाल झाला. त्याला ती लाच वाटली.

"घ्या हो," प्रोकोपी त्याच्या कानाशी लागला. "नव्याने हाती आलेल्या बंदुकीची पहिली शिकार आपल्या घरी न्यायची नसते, दुसऱ्याला द्यायची असते. नाही म्हणालात तर बंदुकीचं नशीब रुसतं. तिला दुसरी बंदूक नाही."

साहेबाने खारीचं शेपूट चिमटीत धरलं. मग म्हणाला, "उद्या जुन्या रायफली कापल्या जातील. कागदावर एकोणीसच्या एकोणीस. कोपऱ्यातली मी पाहिलेली नाही." आणि वळून कचेरीकडे गेला. खार बरोबर घेऊन गेला.

संध्याकाळच्या आत काकी निघाली. रेनडिअरवर सामान आणि हिवाळ्याची काडतुसं चढवताना तिने चाचणीतली उरलेली दोन काडतुसं प्रोकोपीच्या तळहातावर ठेवली.

"तीन दिलीस, एक लागलं. ही तुझी."

"काकी, एक विचारू? कागदावर ती आता नाहीच. आजच मोडून साव्हेलीकाकाला देता आली असती. सहा वर्षं बिचारा तिकडे रिकाम्या हाताने..."

"सांगितलंय मी त्याला," काकीने पट्टा आवळला. "येताना घेऊन येते म्हणून. थांबेल. मला थांबवायचा तेव्हा मी बोलत होते का काही?"

चार हिवाळे ती जंगलात गेली. चारही वसंतांत तिच्या खारींची कातडी आली की प्रोकोपी दार लावून एकेक उजेडासमोर धरायचा. एकाही कातड्यात भोक नव्हतं. देवाचं दर्शन घ्यावं तसा तो ती कातडी बघायचा, आणि बायको म्हणायची, झालं का तुझं.

पाचव्या हिवाळ्यातही गेली, आणि मार्चमध्ये तिचा पुतण्या स्लेज घेऊन आला. काकी झोपेतच गेली होती. रायफल तंबूबाहेर झाडाला टांगलेली सापडली; कधीच ऊबेत आणायची नाही, तशीच. त्यांनी तिला साव्हेलीशेजारी पुरलं, किटलीला भोक पाडलं, पाइप फोडला.

"आणि ही सरकारी वस्तू," पुतण्या म्हणाला आणि रायफल टेबलावर ठेवून गेला.

प्रोकोपीने बंदूकघराला कुलूप लावलं, हातोडा घेतला, आणि वरच्या खिशात चार वर्षं जपलेली दोन काडतुसं चाचपून पाहिली.

थडग्यांपाशी पोचायला त्याच्या पायाने दुपार झाली. तिथे उभा राहिल्यावर त्याला कोडं पडलं. बंदूक मोडता येते. काडतूस कसं मोडायचं? काडतुसाशिवाय बंदूक देऊन उपयोग काय? मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. तिकडे सगळं उलट. इथे उडालेलं तिथे भरलेलं.

बंदुका पुसत काढलेल्या चौतीस वर्षांत प्रोकोपीने पहिल्यांदा बंदूक खांद्याला लावली. डाव्या. त्याचा गाल त्या खळग्यात बसला नाही. तो त्याच्यासाठी नव्हताच. त्याने आकाशात एक गोळी झाडली, बोल्ट ओढला, दुसरी भरली, तीही झाडली. एक रिकामी पुंगळी साव्हेलीच्या थडग्यावर ठेवली, एक काकीच्या.

मग त्याने नळी दोन झाडांच्या बेचक्यात घालून वाकवली, आणि ज्या दस्त्यावर त्याने कधी ओरखडा येऊ दिला नव्हता त्याच्यावर हातोडा घातला. दस्ता तासलेल्या खळग्यापाशीच दुभंगला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि गालावर गोठत होतं.

"घे काका. आली बघ घेऊन," तो म्हणाला. "आणि काकी, तिकडे डावं ते उजवं असतं म्हणे. तुझा डोळा आता स्वच्छ असेल. बंदूक एकच आहे, पाळीवरून भांडू नका."

थडग्यापासून परतताना मागे वळून बघायचं नसतं. प्रोकोपी लंगडत, आपल्याच पावलांच्या खुणांवरून गावाकडे आला.