याह्या कोड वाचतो तेव्हा

याह्याचे अब्बा, कय्युमचाचा, औरंगपुऱ्यात कपडे शिवतात. याह्या पायथन या संगणकाच्या भाषेत कोड लिहितो. मी मराठीत एम.ए. केलं, मग एका क्लासात पायथन शिकलो आणि त्याच्याच ऑफिसात तीन महिन्यांच्या बोलीवर लागलो. शेतमाल बाजारात कधी आणायचा, हे शेतकऱ्यांना कळवणारे प्रोग्राम आम्ही लिहितो.

ऑफिसात एक रीत आहे. दर शुक्रवारी याह्या कुणाचा तरी कोड साध्या बोलीत मोठ्यानं वाचतो. लिहिणाऱ्याला काही विचारावं लागलं, की लिहिणारा हरला. ऑफिस चालवणाऱ्या श्रेयामॅडमनी मला बजावलं होतं, "शेवटच्या शुक्रवारी त्यानं न विचारता वाचलं, तरच तू राहशील."

पहिल्या शुक्रवारी तो पहिल्याच ओळीवर थांबला.

"विरह म्हणजे काय रे?"

"मेसेज न पोचलेल्या शेतकऱ्यांची यादी."

तो म्हणाला, "भाई, लासूरच्या कांदेवाल्याला विरह होत नाय. त्याला मेसेज येत नाय."

मी पेटलो. शनिवारी एका बैठकीत सगळा प्रोग्राम सुंदर करून टाकला. सोमवारी एकही मेसेज गेला नाही. नेमकं काय बिघडवलं, ते मलाच सांगता येईना.

याह्यानं जुना कोड परत आणला. म्हणाला, "अब्बा एका वेळी एकच शिवण उसवतात. गिऱ्हाइकाला घालून बघायला लावतात. मग दुसरी."

आम्ही तसंच सुरू केलं. 'विरह'चं 'बाकी_शेतकरी' झालं. चालवून बघितलं. मी प्रत्येक शेतकऱ्याला आधी क्रमांक देत होतो, मग त्या क्रमांकानं त्याला यादीत शोधत होतो.

"यादी हातात हाय ना? एकेकाला सरळ घे की."

तीन ओळींची एक झाली. परत चालवून बघितलं. पुढं एकीच्या पोटात एक अशा पाच अटी होत्या. मला त्यांचा अभिमान होता.

"फोन नंबर नसंल तर पुढं जा. एवढंच म्हणायचंय ना तुला?"

एवढंच म्हणायचं होतं.

शेवटच्या शुक्रवारी याह्यानं वाचलं. "बाकी शेतकऱ्यांतला एकेक घे. नंबर नसंल तर पुढं जा. असंल तर मेसेज पाठव."

तो थांबला.

"काय अडलं?" श्रेयामॅडमनी विचारलं.

"काय नाय. संपलं."

माझे तीन महिने त्यानं एका दमात वाचले होते. मॅडम म्हणाल्या, "सोमवारी वेळेवर ये."

मी गप्प बसायला हवं होतं. "याह्या, आवडलं का?"

"त्यात आवडायचं काय? कळलं की."

पाच वर्षं साहित्य शिकलो. माझ्या लिखाणाबद्दल 'कळलं' असं कुणी पहिल्यांदाच म्हणालं.