गिऱ्हाइकाच्या मापाचा शेवट

टेलरमास्तरांचं दुकान म्हणजे एक खोली, दोन मशिनं आणि मधोमध कापायचं टेबल. समोर तयार कपड्यांचं काचेचं दुकान झालं तेव्हा सगळे म्हणाले, मास्तर आता बाराच्या भावात गेले. पण गडी टिकला. शिलाईवर टिकला म्हणावं तर त्यांची बाही कायम एका बोटानं लांब असायची. मास्तर टिकले ते सिनेमावर.

माप घेता घेता ते सिनेमा सांगायचे. छाती मोजताना हिरोची ओळख, कंबरेपाशी भांडण, आणि पायाला टेप लागला की मध्यंतर. शेवट ट्रायलच्या दिवशी. मग गिऱ्हाईक जातंय कुठं?

साल सरलं, भिंतीवर नवं कॅलेंडर लागलं, की दुकानात ही गर्दी. मास्तर वर्षाचे पाच सिनेमे जाहीर करायचे. पाचव्यापासून वर चढत जायचे आणि पहिला नंबर चहा होईस्तोवर पोटात ठेवायचे.

आता खरी गोष्ट. मास्तरांनी जन्मात एक सिनेमा पुरा बघितला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत दुकानाला कुलूप लावून थेटरात शिरायचे आणि मध्यंतराला उठून मशिनवर परत. पुढचा भाग ते स्वतः शिवायचे. हे ठाऊक होतं फक्त बायकोला. ती आतल्या बाजूला काजं-बटणं करायची आणि दोऱ्यासोबत हेही दाताखाली धरून होती. फुटलं असतं तर उरलेली गिऱ्हाइकं समोरच्या काचेत गेली असती.

त्या साली मास्तरांनी पहिला नंबर दिला तो घरातून हाकललेल्या धाकट्या भावाच्या सिनेमाला. दवाखान्यातल्या कंपाउंडरानं चहा खाली ठेवला.

"बरोबर आहे. तो थोरला शेवटी पाया पडतो आणि अर्धं घर लिहून देतो, तिथं तर ऐकताना मी रडलोच." कंपाउंडराची थोरल्या भावाशी बोलचाल बंद होती.

"कोण पाया पडतो?" कोपऱ्यातली मावशी म्हणाली. "पाया पडते ती सून. सासूच्या. मास्तरांनीच सांगितलं मला, झंपर घालून बघताना." मावशीच्या घरात सुनेचं राज्य होतं.

"अहो, तो गावाकडं घरी परत जातच नाही," कंडक्टर म्हणाला. त्याचं लग्न राहून गेलं होतं आणि कानावरचे केस पांढरे झाले होते. "त्याचं शहरात भेटलेल्या त्या मुलीशी लग्न होतं. वय झालेलं असून होतं."

सगळे मास्तरांकडं बघायला लागले. मास्तर खाली बघून कात्री पुसत होते. ज्याचं जसं माप, तसा शेवट बेतायची हाताला सवय. हे सगळे एका दिवशी एकाच बाकावर बसतात, हे तेवढं बेतताना ध्यानात राहिलं नव्हतं.

"सिनेमा परत लागलाय," कंडक्टर म्हणाला. "सगळेच जाऊ. मास्तर पण."

"मला उद्या कोट द्यायचाय."

"कोट मी बघते," आतून बायको म्हणाली. "तुम्ही जा. आणि बसा शेवटपर्यंत."

गेले. मध्यंतराला मास्तर सवयीनं उठले. मावशीनं सदऱ्याला धरून खाली बसवलं. मग पुढचं सुरू झालं. थोरला भाऊ आला नाही, सून दिसलीसुद्धा नाही, आणि मुलगी दुसऱ्याच कुणाच्या मोटारीत बसून गेली. हिरो एका टपरीवर चहा प्याला, कप ठेवला, पेटी उचलली आणि चालायला लागला. लागली 'समाप्त'ची पाटी.

बाहेर पायरीवर सगळे थांबले. मास्तरांनी उगाच सदऱ्याची बाही सरळ केली. आता विचारतील, मग तुम्ही सांगितलं ते काय होतं?

"हा काय शेवट झाला?" मावशीच आधी बोलली. "कुणाच्याच अंगाला बसत नाही."

"पैसे वाचवले असतील," कंपाउंडर म्हणाला. "भावाचं काम करणारा नट महागडा आहे."

"काही नाही, थेटरवाल्यानं कापलाय," कंडक्टर म्हणाला. "मास्तर, तुम्ही बघितला तेव्हा असाच होता?"

"मी बघितलं तेव्हा," मास्तर जपून म्हणाले, "हे नव्हतं."

यात खोटं काही नव्हतं.

"मग पहिला नंबर ठेवायचा का काढायचा?"

मास्तरांनी बराच विचार केला. "मध्यंतरापर्यंत पहिलाच," ते म्हणाले.

तिघांनी माना डोलावल्या. एवढा सिनेमा कळणारा माणूस आपल्याकडं आहे, याचं त्यांना बरं वाटलेलं दिसलं. मावशी तर वाटेतच म्हणाली, "ते सुनेचं जरा परत सांगा हो. मधे हे असलं बघून डोक्यातून गेलं."

दुकानात बायकोनं कोट पुरा करून टांगला होता. बाही बरोबर बसली होती.

"कसा होता शेवट?" तिनं विचारलं.

"ढगळ," मास्तर म्हणाले, आणि टेप गळ्यात घालून मावशीच्या झंपराकडं वळले.